चाळणीबाहेरचा रुग्ण

रुग्ण पुरुष, वय ३३, विवाहित. नागपूरच्या मिहानमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, राहणं मानेवाडा भागात, आईवडील आणि बायकोसोबत. तक्रार दीड वर्षाची: उदासी, सकाळी अंथरुणातून उठवत नाही, कामात मन नाही, आणि मधूनमधून 'आपण नसलो तर बरं' असा विचार. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत; लिहायला त्याची आणि त्याच्या बायकोची लेखी संमती आहे. धंतोलीत मानसोपचाराची प्रॅक्टिस करणाऱ्या कोणाकडेही अशा तक्रारी रोज येतात. हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते त्याच्या पहिल्याच भेटीतल्या मागणीमुळे.

त्याला माझ्याकडून औषध नको होतं. ते त्याच्याकडे आधीच होतं. घरच्या फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीमागे, पाच कॅप्सूल. टेलिग्रामवरून मागवलेल्या, कोडाईकनालची मशरूम वाळवून भरली आहेत असं विकणाऱ्याने सांगितलेलं. बंगळुरूला राहणारा त्याचा आतेभाऊ नेदरलँड्सला जाऊन असा अनुभव घेऊन आला होता (तिथे सायलोसायबिन, म्हणजे मॅजिक मशरूममधलं जाणिवा बदलणारं रसायन, असलेले ट्रफल, त्याच बुरशीच्या गाठी, दुकानात मिळतात) आणि दहा वर्षांची थेरपी एका दुपारी झाली असं सगळ्यांना सांगत फिरत होता. रुग्णाने मात्र भावाच्या शब्दावर न विसंबता महिनाभर वाचन केलं होतं. पिशवीतून त्याने छापलेले शोधनिबंध काढले, पिवळ्या मार्करने रंगवलेले. म्हणाला, "मॅडम, मला एकट्याने घ्यायची नाही. अभ्यासात सोबत दोन थेरपिस्ट बसतात ना? तुम्ही बसाल का?"

हसण्यावारी नेण्यासारखी ही मागणी नव्हती. गुपचूप कॅप्सूल गिळून मित्राच्या फ्लॅटवर पडणाऱ्यांपेक्षा हा माणूस कितीतरी शहाणपणाने वागत होता. पोलिसांना कळवाल का, हे त्याने विचारलं, पण सगळं सांगून झाल्यावर. मी नाही म्हटलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ ने त्याला गोपनीयतेचा हक्क दिलाय. दुसऱ्याला इजा किंवा कोणाच्या जिवाला धोका असे मोजके अपवाद त्यात आहेत, आणि त्या दिवशी त्यातला एकही लागू नव्हता.

कागदांत काय होतं

त्याची सगळी भिस्त होती न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये नोव्हेंबर २०२२ ला आलेल्या अभ्यासावर. दहा देशांतले २३३ रुग्ण, सगळे औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याचे. प्रत्येकाला एकदाच सायलोसायबिन, २५, १० किंवा १ मिलिग्रॅम. कोणाला किती ते रुग्णालाही सांगायचं नाही आणि गुण मोजणाऱ्यालाही नाही. तीन आठवड्यांनी ६० गुणांच्या मापपट्टीवर (गुण जास्त तितकं नैराश्य तीव्र) २५ मिलिग्रॅमवाल्यांचे गुण सरासरी १२ ने उतरले, १ मिलिग्रॅमवाल्यांचे ५.४ ने. मोठ्या डोसच्या गटात ३७ टक्के लोकांचा आजार निम्म्याने किंवा त्याहून जास्त हटला. हा ३७ त्याने दोनदा अधोरेखित केला होता.

मार्कर न लागलेल्या ओळी मी त्याला वाचायला लावल्या. बाराव्या आठवड्यापर्यंत टिकलेली सुधारणा मोठ्या डोसच्या गटात २० टक्के. डोकेदुखी, मळमळ, चक्कर असे काही ना काही त्रास तिन्ही गट मिळून ७७ टक्के लोकांना. आणि मोठ्या डोसच्या गटातल्या तिघांमध्ये तिसऱ्या आठवड्यानंतर आत्महत्येच्या दिशेने जाणारं वर्तन दिसलं. या तिघांनाही औषधाचा फायदा झालेला नव्हता. शेवटचं वाक्य वाचून तो थोडा वेळ गप्प बसला.

दुसरा कागद जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा, २०२१ चा. चोवीस रुग्ण, सायलोसायबिनची दोन सत्रं, चार आठवड्यांनी ७१ टक्के लोकांत मोठी सुधारणा. वर्तमानपत्रांना आवडतो तो हाच आकडा. त्याभोवतीची यंत्रणा बातमीत येत नाही: प्रत्येक रुग्णामागे सुमारे ११ तासांचं समुपदेशन, सत्राच्या दिवशी पूर्ण वेळ हजर राहणारे दोन प्रशिक्षित लोक, प्रयोगशाळेत शुद्धता तपासलेलं आणि वजनाप्रमाणे मोजलेलं औषध. त्याच्याही आधी चाळणी. अभ्यासासाठी साडेआठशेहून जास्त लोकांनी प्राथमिक माहिती भरली होती. त्यातले २७ आत घेतले गेले.

या विषयावरच्या चर्चेत मला सगळ्यात खटकतं ते हेच, की ही चाळणी कार्यालयीन सोपस्कार समजून सोडून दिली जाते. मी ती उपचाराचाच भाग मानते. अभ्यासात जे सुरक्षित ठरलं ते सायलोसायबिन नव्हे. या लोकांना, या खोलीत, या लोकांच्या देखरेखीत दिलेलं सायलोसायबिन सुरक्षित ठरलं. कॅप्सूल तेवढी अभ्यासातून उचलून मानेवाड्याच्या फ्रिजमध्ये ठेवता येते. बाकीचं येत नाही.

या संशोधनाबद्दल माझं मत वाईट नाही. १९५८ मध्ये आल्बर्ट हॉफमन यांनी मशरूममधून सायलोसायबिन वेगळं केलं. त्याआधीच एलएसडीवर कॅनडात दारूच्या व्यसनासाठी प्रयोग सुरू होते. ते प्रयोग बंद पडले त्याला राजकारण जितकं कारणीभूत होतं तितकाच ढिसाळ संशोधनाचाही हात होता. आताचे अभ्यास पूर्वीपेक्षा खूप नेटके आहेत. तरी एक अडचण मुळातच आहे: २५ मिलिग्रॅम घेतलेल्या माणसाला तासाभरात कळतं की आपल्याला खरं औषध मिळालंय. ज्याला कळतं की मिळालं नाही, तो निराश होतो आणि त्याचे गुण तसेच राहतात. मग दोन गटांतल्या फरकात औषधाचा वाटा किती आणि आशा-निराशेचा किती, हे वेगळं काढणं अवघड होतं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, ऑगस्ट २०२४ मध्ये मानसिक आघातानंतरच्या आजारासाठी एमडीएमएला ('एक्स्टसी' नावाने विकलं जाणारं रसायन) मान्यता नाकारली, त्याआधी सल्लागार समितीत या मुद्द्यावर बरीच चर्चा झाली होती. त्याच्या एक वर्ष आधी, जुलै २०२३ पासून, ऑस्ट्रेलियाने मात्र अधिकृत मानसोपचारतज्ज्ञांना एमडीएमए आणि सायलोसायबिन ठरावीक आजारांसाठी लिहून द्यायची मुभा दिली. एकाच पुराव्याकडे बघून दोन देश दोन दिशांना गेले, तर माझ्यासमोर बसलेला माणूस गोंधळलेला असणार यात नवल नाही.

कायद्याचं वाचनही त्याने केलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका जामीन आदेशात म्हटलं होतं की मॅजिक मशरूम ही निसर्गात उगवणारी बुरशी आहे, कायद्यातलं 'मिश्रण' नव्हे. त्याच्या लेखी विषय तिथेच संपला होता. मी सांगितलं की तो आदेश जामिनापुरता आहे. सायलोसायबिन हे रसायन १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या अनुसूचीत आहेच, आणि केरळचं मत आपल्या नागपूर खंडपीठावर बंधनकारक नाही. वैद्यकीय आणि वैज्ञानिक कामासाठी कायद्याच्या आठव्या कलमात वाट आहे. ती परवानग्या, नीतिशास्त्र समिती आणि क्लिनिकल ट्रायलची नोंदणी यांतून जाते, माझ्या क्लिनिकच्या मागच्या खोलीतून जात नाही.

'दोन औषधं फेल'

औषधांना दाद न देणारं नैराश्य कशाला म्हणायचं याचा साधारण निकष असा: किमान दोन औषधं, पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे घेऊनही फरक नाही. रुग्णाचं म्हणणं होतं की आपण त्यात बसतो. जुन्या चिठ्ठ्या काढायला लावल्या तेव्हा दिसलं ते असं. एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम, फॅमिली डॉक्टरने दिलेलं, तीन आठवड्यांत ॲसिडिटी झाली म्हणून बंद. मग सर्ट्रालिन ५०, तेही जमेल तसं. म्हणजे पहिलं औषध फेल झालं असं म्हणताच येत नव्हतं. त्याला संधीच मिळाली नव्हती.

दुसऱ्याची गोष्ट वेगळी होती, आणि ती बायकोने सांगितली. सर्ट्रालिन सुरू झाल्यावर महिनाभराने दहा-बारा दिवस हा माणूस एकदम बदलला होता. रात्री तीन तास झोप, तरी थकवा नाही. टीममधल्या सगळ्यांचा कोड एकट्याने नव्याने लिहायला घेतला. लडाखची चार जणांची बुकिंग केली, ज्यात दोघांना विचारलंच नव्हतं. क्रेडिट कार्डावर एक लाखाचं ड्रोन. घरचे खूश, गोळी लागू पडली म्हणून. मग एका सोमवारी तो उठलाच नाही, आणि जे उदासीपण आलं ते आधीच्यापेक्षा खोल होतं. त्याने गोळ्या सोडल्या. त्याच्या हिशेबात ते 'दुसरं औषध फेल'.

असं औषधाशिवाय कधी झालं होतं का, विचारलं. हो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, आठवडाभर. हॉस्टेलच्या गॅदरिंगचं सगळं काम एकट्याने ओढलं होतं म्हणे. ही आठवण तो अभिमानाने सांगत होता.

काका

पहिल्या भेटीत वडिलांना बाहेरून आत बोलावून नेहमीचा प्रश्न केला होता: घरात कोणाला मानसिक आजार? "आमच्या खानदानात असं कोणालेच नाही, मॅडम." ठाम. सूनबाई शेजारी बसली होती.

दुसऱ्या भेटीत वडील गाडी लावायला खाली थांबले आणि आई वर आली. तिने दार लोटून घेतलं. "याचा लहान काका मेंटलले होता. दोनदा. आठ-आठ दिवस झोपत नव्हता तो. बेसाजवळचा प्लॉट अर्ध्या भावात विकून टाकला. ऑटोत बांधून नेला होता." मग बरा झाला का? "झाला ना. एक गोळी होती, तिच्यासाठी दर दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासाले लागे. ती खाल्ली तोवर चांगला राहिला."

रक्त तपासून द्यावी लागणारी ती गोळी म्हणजे जवळपास नक्कीच लिथियम, मनाचे चढ-उतार आवरणारं औषध. काका बायपोलरचा (कधी उन्मादाचा चढ, कधी नैराश्याचा उतार, असा आजार), तोही तीव्र प्रकारचा. छिंदवाडा रोडवरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाशी आपल्या घराचं नातं होतं हे सून समोर असताना सासऱ्याने कबूल करावं, अशी अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून हा प्रश्न एकाला एकदा विचारून भागत नाही. वेगवेगळ्या माणसांना, वेगवेगळ्या वेळी, शक्यतो बाकीचे खोलीत नसताना विचारावा लागतो. चांगल्या अभ्यासांत यासाठी तासन्‌तास मुलाखती घेतात. टेलिग्रामवाला विचारत नाही.

आता चित्र असं: इंजिनिअरिंगच्या वर्षांतला चढ, औषधावर आलेला दुसरा चढ, दीड वर्षाचं नैराश्य, आणि सख्ख्या काकाला बायपोलर. निदान बदललं: बायपोलर, दुसरा प्रकार (यात चढ सौम्य असतात), सध्या नैराश्याचा टप्पा. आणि त्याच्याच हातातल्या कागदांचा अर्थ बदलला. २०२२ च्या अभ्यासात बायपोलरचे रुग्ण घेतलेलेच नव्हते. या क्षेत्रातल्या बहुतेक अभ्यासांत जवळच्या नात्यात बायपोलर किंवा सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) असलेलेही वगळतात, कारण अशा लोकांमध्ये सायकेडेलिकमुळे (सायलोसायबिन, एलएसडीसारखी जाणिवा बदलणारी रसायनं) उन्माद किंवा भ्रम उफाळण्याची भीती असते. तो ३७ टक्के आकडा त्याच्याबद्दल काहीच सांगत नव्हता. चांगलं नाही, वाईटही नाही.

हे मी त्याला कागदावरच दाखवलं, वगळण्याच्या निकषांचा परिच्छेद बोटाने दाखवून. त्याची प्रतिक्रिया रागाची होती. "म्हणजे ज्याला गरज जास्त, त्याला आधी बाहेर?" प्रश्न रास्त आहे. संशोधनातली ही जुनीच अडचण आहे आणि सायकेडेलिकपुरती मर्यादित नाही: गरोदर बायका, म्हातारी माणसं, आत्महत्येचा धोका असलेले, सगळे आधी बाहेर. त्यांना वाचवायचं म्हणून बाहेर ठेवतात, आणि बाहेर ठेवल्यामुळे त्यांच्याबद्दल माहिती जमत नाही.

औषध सुरू करण्याआधी

इथे एक पेच होता. बायपोलरच्या नैराश्यात, आत्महत्येचे विचार असताना, काकाला लागू पडलेलं असताना, लिथियम हीच माझी पहिली पसंती. पण घरात त्या कॅप्सूल. लोकांनी स्वतःहून ऑनलाइन लिहिलेल्या अनुभवांचा एक अभ्यास २०२१ मध्ये आला होता. लिथियमवर असताना सायकेडेलिक घेतलेल्यांच्या नोंदींपैकी जवळपास निम्म्यांत झटके आल्याचं लिहिलेलं होतं. असा पुरावा कच्चा असतो, वाईट अनुभव आलेला माणूसच जास्त लिहितो. तरी माझी चिठ्ठीच धोका वाढवणार असेल तर तो पुरेसा आहे. म्हणून आधी रात्रीचं क्वेटियापिन, बायपोलरच्या नैराश्यावरचं दुसरं औषध, हळूहळू वाढवत नेलं, झोप बसवली, बायकोसोबत सुरक्षेची योजना लिहून काढली (विचार वाढले तर कोणाला उठवायचं, घरातल्या गोळ्या कोणाकडे राहतील, रात्री-बेरात्री टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६), आणि लिथियमला अट घातली: फ्रिज रिकामा झाल्याशिवाय नाही.

पुढच्या भेटीत तो म्हणाला, टाकल्या. बायको म्हणाली, "तीन टाकल्या माझ्यासमोर. पाच होत्या ना?" दोन त्याने लॅपटॉपच्या बॅगेत ठेवल्या होत्या, पुढे कधीतरी, सगळं नीट झाल्यावर. मी ओरडले नाही. झटक्यांचं पुन्हा सांगितलं, आणि हेही, की त्या कॅप्सूलमध्ये नेमकं काय भरलंय हे मला, त्याला किंवा विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही. त्या दोन कॅप्सूलही संध्याकाळी टाकल्या गेल्या. बायकोने फोन करून कळवलं.

मूत्रपिंड आणि थायरॉइडच्या तपासण्या करून एप्रिलमध्ये लिथियम सुरू केलं. नागपुरात एप्रिल-मे मध्ये लिथियम सुरू करणं ही वेगळीच कसरत आहे. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तातली पातळी चढते. नवतपात पारा ४५ च्या वर, आणि हा मोटरसायकलने मिहानला जाणारा. दिवसभर पाणी, ताकात मीठ नेहमीसारखंच, एकदम बंदही नाही आणि वाढवायचंही नाही; डोकं दुखलं तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नाही, पॅरासिटामॉल; हात जास्त थरथरले, जुलाब-उलट्या झाल्या तर गोळी थांबवून त्याच दिवशी फोन. पातळी ०.६ ते ०.८ मध्ये ठेवायची होती. मेच्या शेवटी एकदा ०.९ आली, डोस थोडा उतरवला.

बारा आठवड्यांनी मापपट्टीवर त्याचे गुण ३१ वरून १३ वर आले. वजन पाच किलोने वाढलं, क्वेटियापिनचं देणं, आणि त्यावर त्याची कुरकुर अजून चालू आहे. एका माणसाच्या गुणांवरून काही सिद्ध होत नाही. उन्हाळ्यात कामाचा प्रोजेक्टही संपला होता.

पुढची वाचनं

जून २०२५ मध्ये त्याने व्हॉट्सॲपवर बातमी पाठवली. २०२२ चा अभ्यास ज्या कंपनीचा, तिच्याच सायलोसायबिनच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीचा निकाल: २५ मिलिग्रॅमचा एक डोस विरुद्ध प्लासिबो (औषध नसलेली नकली गोळी), सहा आठवड्यांनी फरक ३.६ गुणांचा. खाली त्याची ओळ: "आधी ६.६ होता ना?" होता, १ मिलिग्रॅमच्या गटाशी तुलना करून. ३.६ हा फरक खरा आहे, पण साठ गुणांच्या पट्टीवर लहान आहे.

दिवाळीच्या आधीच्या भेटीत त्याने आणलेला कागद मात्र अडचणीचा होता. बायपोलरच्या दुसऱ्या प्रकारावरच अमेरिकेत झालेला, २०२४ च्या जामा सायकियाट्रीतला छोटा अभ्यास: पंधरा रुग्ण, एक डोस, तीन आठवड्यांनी पंधरापैकी बारा जणांत मोठी सुधारणा, आणि उन्माद उफाळल्याचं दिसलं नाही. "मॅडम, हे तर माझंच निदान आहे."

हो, त्याचंच आहे. आणि वगळलेल्यांसाठी कोणीतरी दार उघडून बघतंय, हे मला चांगलंच वाटतं. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, सगळ्यांना माहीत होतं काय मिळतंय, आणि सहभागी लोकांची आधीची औषधं देखरेखीखाली बंद केलेली होती. त्याने विचारलं, मग मी लिथियम बंद करून अशा चाचणीत गेलो तर? मी म्हटलं, भारतात तुझ्यासाठी अशी चाचणी निघाली, नोंदणी झालेली, तर तुझी फाइल घेऊन मी स्वतः त्यांच्याशी बोलेन. त्यासाठी आज लिथियम सोडायचं कारण नाही. एकदम सोडलं तर चढ-उतार परतण्याचा धोका मोठा असतो, आणि आत्महत्येचाही. त्याने मान डोलावली. पटलं की नाही ते कळलं नाही. केटामाइनबद्दलही विचारलं. ते भूल देण्यासाठी आपल्याकडे कायदेशीर आहे, नैराश्यासाठी काही ठिकाणी देतातही. पण सध्या सुधारणा टिकून असताना ते सुरू करायला मी तयार नाही, असं सांगितलं.

उठता उठता आईने सांगितलं की त्याची धाकटी बहीण अमरावतीला असते, दोन महिन्यांआधी बाळंत झाली, रडत राहते म्हणून तिथल्या डॉक्टरने गोळी सुरू केली आहे. कोणती, तर एस्सिटालोप्राम. झोप कशी आहे? "झोपतच नाही म्हणते, पण थकत नाही. घर चकाचक करून राहिली." बाळंतपणानंतर, नात्यात बायपोलर असताना, नुसतं नैराश्याचं औषध. भावाला सर्ट्रालिनवर आला तसा चढ तिलाही येत असावा. बहिणीला तिथूनच फोन लावला, तिची परवानगी घेतली, आणि तिच्या डॉक्टरांसाठी पत्र लिहून दिलं: काका, भाऊ, दोघांची निदानं, आणि तिला याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे दाखवावं अशी विनंती. पत्र घेऊन वडील दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेले.